घर तिकडे, तुम्ही इकडे: पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्या मालकांसाठी

नमस्कार,

तुम्ही किल्ल्या आमच्याकडे दिल्यात किंवा द्यायचा विचार करताय, म्हणून हे माहितीपत्रक. आमची टीम छोटी आहे, मालक लांब राहतो अशी घरं सांभाळणं एवढंच काम आम्ही करतो, आणि पहिल्यांदा घर भाड्याने देणाऱ्या जवळपास प्रत्येकाशी फोनवर त्याच त्याच गोष्टी बोलाव्या लागतात म्हणून यावेळी लिहूनच काढलं. घाईत असाल तर निदान पाण्याचा भाग तरी वाचा.

बहुतेकांना पहिली भीती असते भाडं थकण्याची. साहजिक आहे. पण भाडं थकलं तर ते त्याच महिन्यात कळतं, खात्यात पैसे आले नाहीत की तुम्हाला जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात दिसतं. जे दिसत नाही ते जास्त महाग पडतं. आपण स्वतः राहत असतो तेव्हा येता जाता लक्ष जातं, नळ टपटपतोय, भिंतीला ओल आलीय, दार घासतंय, आणि आपण दोन दिवसांत कुणाला तरी बोलावून घेतो. लांब गेल्यावर हे डोळेच राहत नाहीत. लांबच्या मालकाचं नुकसान होतं ते बिघाडामुळे कमी आणि बिघाड उशिरा कळल्यामुळे जास्त, आमचं सगळं काम हा उशीर कमी करायचं आहे.

पाण्याचं आधी बघा

नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर वर्षाला साधारण ११ हजार लिटर पाणी जातं. तरी ते सिंकमध्ये पडतंय तोवर बरं म्हणायचं, नुसतं पाणीच वाया जातं. तोच थेंब सिंकखाली, कपाटाच्या आत पडत असेल तर प्लायवूड फुगतं, मागची भिंत ओल धरते, आणि ओली झालेली जागा २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरायला लागते. म्हणजे कुणी आठवड्याने सांगितलं तरी उशीरच झालेला असतो.

म्हणून घर देण्याआधी दोन तपासण्या करा, दोन्ही फुकट आहेत. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, दोन तास कुणीही पाणी वापरायचं नाही, मग परत बघा, आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. दुसरी फ्लशची. टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका, तेवढ्यात खाली भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या आतलं रबर गेलंय. फ्लशची गळती आवाज न करता महिनोन्महिने चालू राहते आणि बिल आल्यावर मालक भाडेकरूवर चिडतो, भाडेकरू मालकावर.

वॉशिंग मशीनच्या मागचा रबरी पाइप साधारण ५ वर्षांनी बदलून टाका, तो चांगला दिसत असला तरी. फुटला तर तासाभरात घरभर पाणी होतं. आणि पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते दाखवणारा छोटा व्हिडिओ काढा, अर्ध्या मिनिटाचा पुरे, कुठून कसं जायचं, कुठल्या बाजूला फिरवायचं. तो आम्हाला पाठवा आणि भाडेकरूलाही. कॉक कुठे आहे हे माहीत नसल्यामुळे माणूस नुसता उभा राहून पाणी बघत बसलेला आम्ही पाहिलाय, फार वाईट वाटतं.

भाडेकरू सांगत का नाही

एका घराची गोष्ट सांगतो, आमच्याकडे येण्याआधीची. भाडेकरूने पहिल्याच महिन्यात बेसिनचा नळ गळतोय म्हणून मालकांना फोन केला. मालक म्हणाले, आधी तर चांगला होता, तुम्हीच जोरात फिरवला असेल. झालं, त्यानंतर त्या माणसाने कधी फोनच केला नाही. बाथरूमच्या कोपऱ्यातली ओल त्याला दिसत होती पण सांगून बोलणी कोण खाणार, आणि काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्यांच्या छताचे पोपडे पडले तेव्हा सगळ्यांना कळलं. एका वायसरवरून सुरू झालेलं प्रकरण फरशी उकरण्यापर्यंत गेलं.

आमचं कळकळीचं सांगणं आहे की तक्रार आली की आधी थँक्यू म्हणा. चूक कुणाची, खर्च कुणाचा, हे नंतर बोलता येतं. घरात राहणारा माणूस हा तुमचा तिथला एकमेव रोजचा डोळा आहे, तो बंद झाला तर आम्ही दर तीन महिन्यांनी चक्कर मारून काय काय पकडणार? आम्ही प्रत्येक तक्रारीला २४ तासांच्या आत उत्तर देतो, प्लंबर लगेच मिळाला नाही तरी निदान कळलंय, परवा माणूस येतोय, एवढं तरी सांगतो. त्याने फरक पडतो, माणसं मग छोट्या गोष्टीही सांगायला लागतात.

दुरुस्तीचं आणखी एक. तुम्ही झोपलेले असताना तिकडे दिवस असू शकतो, आणि नळ बदलायच्या परवानगीसाठी आठ तास थांबणं बरं नाही. म्हणून तुम्हाला न विचारता किती खर्च केलेला चालेल ती रक्कम आधीच ठरवून द्या. आम्ही महिन्याच्या भाड्याच्या १५ टक्क्यांच्या आसपास सुचवतो. त्यावरचं काम असेल तर फोटो आणि अंदाजपत्रक तुम्हाला आधी येईल, बिलं सगळी मिळतील. ओळखीतल्या कुणाकडे अजून एक किल्ली आणि देखरेख असेल तर मात्र आम्हाला सांगा, दोघंजण दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले की भाडेकरू गोंधळतो.

फोटो, व्हिडिओ, डिपॉझिट

घर देताना एक सलग व्हिडिओ काढायचा, मध्ये न थांबता, प्रत्येक खोली, कपाटांच्या आत, सिंकखाली, नळ चालू करून, दिवे लावून, शेवटी मीटरचे आकडे. सामानाची यादी दोघांनी सही करून दोघांकडे. हे कंटाळवाणं काम आहे पण दोन वर्षांनी ओरखडा आधीचा की नंतरचा यावर वाद होतो तेव्हा याशिवाय दुसरं काही कामाला येत नाही.

झीज आणि मोडतोड वेगळी. उन्हाने पडदा विटला, रंग मळला, चालून चालून फरशीची चमक गेली, ही झीज, ती मालकाने सोसायची. फुटलेली काच, जळलेला ओटा ही मोडतोड. डिपॉझिट हे सोडताना परत द्यायचे पैसे आहेत, ते वेगळे ठेवा, रंगकामात वगैरे वापरून टाकू नका. ते कसं आणि कुठे ठेवायचं, नोटीस किती दिवसांची, याचे नियम घर जिथे आहे तिथले लागतात, तुम्ही राहता तिथले नाही. करार तिथल्याच वकिलाकडून करून घ्या. भाड्याच्या उत्पन्नावरचा कर बहुतेक ठिकाणी घर आहे तिथे लागतो, शिवाय तुम्ही राहता तिथेही ते उत्पन्न दाखवावं लागू शकतं, तेव्हा दोन्हीकडचं समजणारा सल्लागार पहिल्याच वर्षी गाठा.

घर रिकामं असताना

जास्त भाड्यासाठी थांबायचं का, हे सगळे विचारतात. हिशोब करून बघा, महिन्याला १०० मिळत होते तर वर्षाचे १२००. ५ टक्के जास्त मिळावं म्हणून एक महिना घर रिकामं ठेवलं तर १०५ गुणिले ११, म्हणजे ११५५. त्या वर्षी तोटाच. चांगला माणूस थोड्या कमी भाड्यात टिकत असेल तर आम्ही तरी त्याला ठेवा असंच म्हणू.

रिकाम्या घरात बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटतं, ते पाणीच गटाराचा वास आणि किडे अडवत असतं, म्हणून आम्ही आठवड्याला जाऊन प्रत्येक ठिकाणी बादलीभर पाणी ओततो. विम्याचं नक्की बघा. स्वतः राहत होता तेव्हाची पॉलिसी भाडेकरू आल्यावर चालेलच असं नाही, विमा कंपनीला लेखी कळवा. आणि बऱ्याच पॉलिसींमध्ये घर ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर भरपाईवर बंधनं येतात.

घरात कॅमेरा लावून द्या अशी मागणी कधी कधी येते. आम्ही लावत नाही. ते आता त्या माणसाचं राहतं घर आहे, आम्हीसुद्धा आधी कळवून, त्याला चालेल त्या वेळीच जातो. पाणी सांडलं की मोबाइलवर कळवणारे छोटे सेन्सर सिंकखाली लावता येतात, भाडेकरूला विचारून ते जरूर लावू. धुराचा अलार्म असेल तर त्याच्या मागची तारीख बघा, १० वर्षं झाली की अख्खा बदलायचा, नुसती बॅटरी नाही.

किल्ल्या देताना आमच्याकडे एवढं द्या: व्हिडिओ, पॉलिसीची प्रत, खर्चाची ठरलेली रक्कम आणि दोन फोन नंबर. रात्री किती वाजेपर्यंत उठवलेलं चालेल तेही लिहून द्या. पाणी वाहत असेल तर आम्ही आधी कॉक बंद करतो, मग फोन करतो.