मे महिन्यातला क्रंबल

‘रूम टेंपरेचरचं बटर घ्या.’ परदेशी पाककृतींत हे वाक्य हमखास असतं, आणि रत्नागिरी-मालवणकडे क्रंबल फसतो तो बहुतेक वेळा याच वाक्यापायी. लंडनच्या स्वयंपाकघरात रूम टेंपरेचर म्हणजे १८-२० अंश सेल्सिअस. मे महिन्यात आपल्याकडे भरदुपारी पंख्याखालीसुद्धा ३२ अंश असतात. एवढ्या फरकात बटर हा पदार्थच बदलून जातो. पीठ तेलकट होतं, ओव्हनमध्ये पसरतं, फळावर एकसंध कडक पापुद्रा बसतो आणि ‘हे विलायती प्रकार आपल्या हवेत जमत नाहीत’ असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. जमतात, आणि उत्तम जमतात. फक्त फ्रीजर हे साठवणीचं कपाट न मानता किसणी-परातीच्या जोडीचं साधन मानायला हवं.

क्रंबल म्हणजे फळांच्या फोडींवर मैदा, बटर आणि साखर यांचा भरभरीत चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर रेशनवर मिळू लागली. त्या तुटवड्यात पूर्ण पारी लाटावी लागणाऱ्या ‘पाय’ (pie) या पदार्थापेक्षा वरून नुसता चुरा भुरभुरणं परवडायचं.

या चुऱ्यामागचं शास्त्र आपल्या घरांना नवं नाही. करंजीच्या पिठात आपण मोहन घालतो, मग पीठ मुठीत दाबून बघतो. मूठ वळली की मोहन बेताचं. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं चिवट जाळं विणतात. पिठाच्या कणांना आधीच स्निग्धाचा लेप बसला, तर पाणी त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, जाळं तुटक राहतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो. क्रंबलला मात्र लेपाबरोबर गुठळ्याही हव्यात. काही कण वाळूसारखे, काही वाटाण्याएवढे. मोहन पातळ असतं, ते सगळीकडे सारखं पसरतं. गुठळी टिकवायची तर स्निग्ध पदार्थ घट्टच हवा, आणि इथे लोण्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

लोण्यातला मेद एकाच जातीच्या रेणूंचा नसतो. ग्लिसरॉलच्या रेणूला तीन मेदाम्लं जोडली गेली की ट्रायग्लिसराइड तयार होतं, आणि दुधात मेदाम्लांचे सुमारे ४०० प्रकार सापडतात. कोणती तीन एकत्र आली, त्यावर तो रेणू कधी वितळणार हे ठरतं. त्यामुळे बर्फाला असतो तसा लोण्याला एकच वितळणबिंदू नाही. त्यातले काही रेणू शून्याखालीही द्रव असतात, काही ३५ अंशांपर्यंत तग धरतात. फ्रीजमधल्या ५ अंशांना लोण्यातला साधारण निम्मा मेद स्फटिकरूपात असतो, २० अंशांना साधारण पाचवा हिस्सा आणि ३० अंशांच्या पुढे जेमतेम काही टक्के. खोबरेलाचं वेगळं. त्यातली निम्म्याच्या आसपास मेदाम्लं एकटं लॉरिक आम्लच असतं, म्हणून ते २४ अंशांच्या सुमारास जवळजवळ एकदम विरघळतं. थंडीच्या पहाटे बाटलीत थिजलेलं खोबरेल ऊन वर येताच पातळ होतं ते यामुळेच.

स्फटिकांचीही तीन रूपं आहेत: अल्फा, बीटा-प्राइम आणि बीटा. लोण्यात मुख्यतः बीटा-प्राइम सापडतं. हे स्फटिक अगदी बारीक असतात, आणि बारीक असल्यामुळेच त्यांच्या जाळ्यात भरपूर द्रव तेल अडकून राहतं. बोटाने दाबलं तर दबणारं, पण न ओघळणारं लोणी म्हणजे हीच अवस्था. एकदा पूर्ण पातळ झालेलं लोणी सावकाश थिजलं की स्फटिक मोजके आणि मोठे वाढतात, तेल बाजूला सुटतं. रवाळ तूप असंच होतं. तुपात ते हवंच असतं, क्रंबलच्या बटरमध्ये नको. म्हणून वितळलेलं बटर पुन्हा फ्रीजमध्ये घट्ट केलं तरी ते पहिल्यासारखं होत नाही.

त्यात पाण्याची भर. १०० ग्रॅम बटरमध्ये साधारण १६ ग्रॅम पाणी असतं, डोळ्याला न दिसणाऱ्या थेंबांच्या रूपात विखुरलेलं. मेद घट्ट असेतो हे थेंब कोंडलेले राहतात. मेद वितळला की ते सुटतात, मैद्याला मिळतात आणि ग्लुटेन विणायला सुरुवात होते. मळताना पीठ फिकट, कोरडं दिसत होतं ते अचानक पिवळसर आणि चकचकीत दिसू लागलं, की हे घडलंय असं समजावं.

फ्रीजरमध्ये चुरा बिघडत का नाही, याचंही उत्तर पाण्यातच आहे. आंब्याची फोड गोठताना पेशींतल्या पाण्याचे बर्फस्फटिक पेशीभित्ती फाडतात, म्हणून वितळल्यावर फोड लिबलिबीत होते. चुऱ्यात फाटण्यासारख्या रसरशीत पेशीच नाहीत, मोकळं पाणीही फार थोडं. हवाबंद ठेवला तर तीन महिने सहज टिकतो.

‘फ्रीजरमधलं अन्न मृत असतं’ असे संदेश फिरत असतात आणि ग्रहणाच्या दिवशी फ्रीजमधल्या भांड्यांवरही तुळशीपत्र ठेवलं जातं. जंतूंची वाढ तापमान आणि ओलावा यांवर चालते, चंद्राच्या सावलीशी तिचा काडीचा संबंध नाही. उलट ज्याची खरी काळजी घ्यायला हवी ते कुणी सांगत नाही. उणे १८ अंशांत जंतू झोपतात, सगळे मरत नाहीत. कच्च्या मैद्यातही रोगजंतू असू शकतात, तेव्हा गोठवलेला चुरा मुलांच्या तोंडात कच्चा जाऊ देऊ नये.

आता कृती. १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तांदळाची पिठी, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, मूठभर काजूकणी. तांदळात ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठीने कुरकुरीतपणा वाढतो. हे सगळं परातीसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावं. १०० ग्रॅम बटर फ्रीजरमध्ये दगडासारखं होऊ द्यावं आणि गाजराच्या किसणीवर सरळ पिठात किसावं. बोटांच्या टोकांनी झटपट चोळावं. तळवा लावू नये, तो जास्त गरम असतो. चुरा ताटात एकेरी पसरून तासभर गोठवला की कण सुटे राहतात, मग पिशवीत भरावा. पिशव्या दोन, एकात एक. मेद वास ओढून घेतो आणि आपल्या फ्रीजरमध्ये शेजारी सुरमईच्या तुकड्या असतात.

चुऱ्यात गूळ घालू नये. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या थोडी वर गेली की फ्रुक्टोज पाणी ओढून विरघळू लागतं, साखर मात्र ८५ टक्क्यांपर्यंत कोरडी राहते. किनाऱ्यावर पावसाळ्याआधीसुद्धा गूळ चिकट का होतो ते यावरून लक्षात येईल. गूळ फळात घालावा. हापूसपेक्षा कैरी-गुळाचा क्रंबल मला जास्त आवडतो. कैरीत आम्ल आणि पेक्टिन दोन्ही असल्याने रस दाट होतो आणि गोडावर आंबटाची धार येते. हापूस घ्यायचाच असेल तर जरा करकरीत घ्यावा आणि फोडींना चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळावं.

चुरा वितळू न देता, फ्रीजरमधून काढल्या काढल्या फळावर पसरावा. आपल्या दमट हवेत बाहेर ठेवलात तर पाच मिनिटांत त्यावर दव धरतं. गोठलेल्या गुठळीचा आतला मेद वितळेपर्यंत बाहेरचा थर सुकून आकार धरू लागतो, म्हणून गुठळ्या सुट्या राहतात. १८० अंशांना ३५ ते ४० मिनिटं लागतात. वरचा रंग पाहून घाई करू नये. भांड्याच्या कडेने दाट, संथ बुडबुडे फुटू लागले की रस आळला, तेव्हाच ओव्हन बंद करावा.