काडतुसात कमी दारू म्हणजे कमी धोका नव्हे

जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली तरी सरकीला आखूड, मखमली तंतू चिकटून राहतात. सूत काढायला ते निरुपयोगी, पण जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात मुरवले की त्यांचं नायट्रोसेल्युलोज होतं. रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी १८४६ मध्ये ही स्फोटक रुई जगापुढे आणली आणि १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी तिला काबूत आणून बिनधुराची दारू तयार केली. आजची रायफलची काडतुसं त्याच दारूवर चालतात. आपल्या कपाशीच्या पट्ट्यात, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला, १९६४ पासून आयुध निर्माणी अशी काडतुसं बनवते.

अमेरिकेत अनेक नेमबाज काडतुसं घरीच भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. पण त्या नेमबाजांना पडणारा एक प्रश्न विज्ञान म्हणून फार मोलाचा आहे. सरावासाठी सौम्य बार हवा, खांद्याला धक्का कमी बसावा, बंदुकीची नळी कमी झिजावी. काडतुसं भरण्याच्या पुस्तकात सांगितलेली दारू मिळत नाही. मग दुसरी चालेल का? आणि तीही थोडी कमी घातली तर?

दोन्ही दारू काळ्या, ग्रॅफाइट चोळलेल्या, बारीक कणांच्या. डोळ्यांना फरक कळत नाही. फरक असतो जळण्याच्या वेगात, आणि तो बऱ्याच अंशी कणाच्या आकारावर ठरतो. चुलीत वाळलेली पऱ्हाटी भडकन पेटते, तेवढ्याच वजनाचं बाभळीचं खोड तासभर धुमसतं; आगीला पृष्ठभाग किती मिळतो, एवढाच प्रश्न. दारूचे कण म्हणून चपट्या चकत्यांचे, भरीव गोळ्यांचे किंवा मधे भोक असलेल्या नळ्यांचे करतात. नळीचा कण बाहेरून झिजतो तेव्हा आतलं भोक रुंदावतं, त्यामुळे जळणारं क्षेत्र फारसं घटत नाही. कणांवर वेग आवरणाऱ्या रसायनाचा लेपही असतो.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. खरी मेख दाबात आहे. बिनधुराच्या दारूचा जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो, दाब दुप्पट झाला की वेगही जवळपास दुप्पट. वेग वाढला की वायू जास्त, वायू जास्त की दाब आणखी जास्त. गोळी पुढे सरकून जागा करून देते म्हणूनच हे चक्र आटोक्यात राहतं. सगळा खेळ साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो आणि तेवढ्यात दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन-चार हजार पटींवर जातो. म्हणून वजनाला वजन किंवा मापाला माप धरून एका दारूच्या जागी दुसरी घालता येत नाही. जलद दारू मंद दारूच्या वजनाने भरली, तर गोळी फारशी पुढे सरकण्याआधीच दाब शिगेला पोहोचतो आणि बंदूक फुटू शकते. नावावरही जाऊ नये. बाजारातल्या आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या नावांच्या दारूंचा आकडा एकच, पण त्या दोन वेगळ्या दारू आहेत आणि त्यांची मापंही वेगळी छापलेली असतात.

मग मंद दारूच कमी घातली तर? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हेच सुरक्षित वाटतं. पण मंद दारूला नीट जळायला दाब लागतो. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, अर्धी रिकामी असेल तर दारू कधी तळाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीजवळ, कधी गोळीजवळ पसरते आणि दर बार वेगळा पेटतो. दाब फारच कमी पडला तर गोळी नळीत अडकते. मागून दुसरा बार झाला तर नळी फाटू शकते. याहून भयंकर म्हणजे मंद दारूच्या फार कमी मापाने रायफली अचानक फुटल्याच्या नोंदी आहेत. एक स्पष्टीकरण असं, की अर्धवट पेटलेल्या दारूच्या धक्क्याने गोळी पुढे जाऊन नळीच्या आतल्या पिळदार खाचांत थबकते आणि मग उरलेली दारू बंद जागेत एकदम भडकते. प्रयोगशाळेत हे हुकमी घडवून आणणं अवघड जातं, आणि म्हणूनच मला ते जास्त धोक्याचं वाटतं.

सौम्य बारासाठी काही दारू मुद्दाम निवडल्या जातात. एच ४८९५ कमी दाबालाही सहज पेटते. तिच्या कंपनीनेच, छापलेल्या कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायची मुभा दिली आहे. ही मुभा त्या एका दारूपुरती. दुसरा उपाय ट्रेल बॉस या दारूचा. तिचे कण भोकाच्या चकत्यांसारखे, वजनाला हलके पण जागा खाणारे. कमी वजनातही पुंगळी बरीचशी भरते, म्हणून चुकून दोनदा माप पडलं तर दारू बाहेर सांडते आणि चूक दिसते. साध्या जलद दारूचं छोटं माप पुंगळीच्या तळाशी बसतं आणि दुप्पट झालं तरी कळत नाही.

जुन्या लष्करी काडतुसातून काढलेली दारू तर कशाच्याच बदली वापरू नये. कारखान्याला मिळणाऱ्या दारूची प्रत्येक खेप थोडी वेगळी जळते. तिथे दाब मोजणाऱ्या नळीतून बार काढून त्या खेपेपुरतं माप ठरवतात, आणि ते माप पुंगळीवर कुठे लिहिलेलं नसतं. शिवाय नायट्रोसेल्युलोज काळानुसार विघटित होतं. त्याला थोपवायला डायफिनाइलअमाइन मिसळतात, पण उष्णतेत तेही लवकर खर्च होतं. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षं पडलेल्या दारूचं वय डब्यावरच्या तारखेवरून सांगता येत नाही.