ऐकू येतं, पण कळत नाही

वॉकीटॉकीवर बोलणं कळलं नाही की पहिला हात आवाजाच्या बटणाकडे जातो. त्याने फारसं साधत नाही. स्वर मुळातच दणकट असतात. त्यांची बरीचशी ताकद १००० हर्ट्झच्या खाली असते आणि ती पोहोचतेच. शब्दाची ओळख पटवतात ती व्यंजनं, आणि नेमकी तीच दुबळी. 'स'ची सळसळ बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर, तर वॉकीटॉकीसारख्या मोबाइल रेडिओतून जातं जेमतेम ३०० ते ३००० हर्ट्झ. तरी वाक्यं कळतात, कारण गाळलेलं मेंदू संदर्भावरून भरतो. आकड्यांना संदर्भ नसतो. 'सात' की 'साठ', हे वाक्यावरून ठरत नाही. म्हणून 'सहा-शून्य' असं सुटं सांगणंच बरं.

त्यात चॅनेल, म्हणजे एकेका संभाषणाला मिळणारे लहरींचे पट्टे, अरुंद झाले. पूर्वीच्या २५ किलोहर्ट्झच्या जागी १२.५ आले; अमेरिकेत व्हीएचएफ-यूएचएफ या लहरपट्ट्यांतल्या बहुतेक व्यावसायिक रेडिओंना २०१३ पासून हे सक्तीचं झालं. यात आवाजाचा पट्टा मात्र कापलेला नाही. या रेडिओंच्या एफएम पद्धतीत आवाजाबरोबर वाहक लहरीची (बोलणं वाहून नेणाऱ्या रेडिओलहरीची) वारंवारता मागेपुढे सरकते. हे सरकणं ५ वरून २.५ किलोहर्ट्झवर आणलं, इतकंच. पण त्यामुळे खरखरीच्या तुलनेत आवाज सुमारे ६ डेसिबलने खाली आला. जवळ असताना हे जाणवतही नाही, टप्प्याच्या टोकाला मात्र नडतं. शिवाय एफएमची खरखर उंच सुरांकडे वाढत जाते, म्हणजे घाव पुन्हा व्यंजनांवर. म्हणूनच पाठवताना उंच सूर मुद्दाम वाढवतात आणि ऐकवताना खरखरीसकट खाली आणतात. साधी युक्ती, पण फार मोलाची.

डिजिटल रेडिओचा मामला निराळा. त्यातला व्होकोडर ध्वनिलहर पाठवतच नाही. बोलण्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करून तो प्रत्येकाची पट्टी, घडण आणि घोष-अघोष (कंठ कंपतो की नुसती हवा) एवढंच आकड्यांत कळवतो. पलीकडे त्यावरून आवाज नव्याने घडवला जातो. साध्या डिजिटल टेलिफोनला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. पी२५ या पोलीस-अग्निशमन दलांसाठीच्या डिजिटल रेडिओच्या मूळ व्होकोडरला बोलण्यासाठी ४,४०० पुरतात, चुका दुरुस्त करायला आणखी २,८००. ही काटकसर चकित करणारी आहे, पण तिचं गृहीतक एकच: माइकसमोर एकटा माणूस बोलतोय. शेजारी करवत किंवा भोंगा असला की व्होकोडर त्यालाही माणसाच्या आवाजाच्या साच्यात कोंबतो. अमेरिकेच्या एनटीआयए या सरकारी संस्थेच्या २००८ च्या अहवालात, आग विझवतानाच्या काही गोंगाटांत डिजिटल रेडिओवरचं बोलणं जुन्या अॅनालॉगपेक्षा कमी समजलं.

अशा वेळी ओरडू नये. ओरडलेला आवाज रेडिओतला लिमिटर, म्हणजे आवाजाला कमाल मर्यादा घालणारा भाग, छाटतोच. त्यापेक्षा माइक तोंडाजवळ घ्यावा: अंतर निम्मं केलं की भोवतालच्या गोंगाटाच्या तुलनेत बोलणं साधारण ६ डेसिबलने वर येतं.