आन्सीपासून सदरपर्यंत: प्रीती शिकण्याची वाट

नागपुरात ‘एसएफएस’ ही तीन अक्षरं कुणालाही ठाऊक असतात. सदरमधली शाळा, सेमिनरी हिल्सवरचं कॉलेज. ऑटोवाल्याला एवढं सांगितलं की पुरतं. ही आद्याक्षरं संत फ्रान्सिस डी सेल्स यांची, हे मात्र शिकून बाहेर पडलेल्या अनेकांनाही आठवत नाही. सदरचं कॅथलिक कॅथेड्रल याच संताच्या नावाचं आहे. रविवारी आपण मुलांना घेऊन जपानी गार्डनला जातो, त्या टेकडीला ‘सेमिनरी’ हे नाव पडलं तेही तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे, म्हणजे फादर होऊ पाहणाऱ्या तरुणांच्या गुरुकुलामुळे.

दुसऱ्यावर प्रेम करणं माणसाला शिकवता येतं का? आपल्याकडे प्रेम आतून यावं लागतं असं मानतात. आलं तर आलं. ख्रिस्ती परंपरेत मात्र ती आज्ञा आहे. मराठी बायबलात त्यासाठी बहुधा ‘प्रीती’ हा शब्द येतो: आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. आज्ञा म्हटली की ती पाळायला शिकावं लागतं, आणि शिकायचं तर कुणीतरी शिकवणारा लागतो. नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासाकडे मी याच अंगानं पाहतो.

फ्रान्सिस यांचा जन्म 1567चा, आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय प्रांतातला. वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता, त्यासाठी त्यांना पादुआला शिकायला पाठवलं. ते धर्मगुरू झाले आणि 1602 मध्ये जिनिव्हाचे बिशप, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंचे प्रमुख. जिनिव्हा तेव्हा प्रॉटेस्टंटांच्या, म्हणजे कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या हाती होतं, म्हणून त्यांचा मुक्काम आन्सी गावी असे. स्वभाव मूळचा तापट, पण वर्षानुवर्षं स्वतःवर काम करून त्यांनी तो मवाळ केला. त्यांच्या शिकवणीचं वजन मला इथे जाणवतं, कारण सौम्यपणा त्यांना जन्मतः मिळालेला नव्हता.

आन्सीत लोक त्यांच्याकडे सल्ला मागायला येत. त्यात मादाम द शार्म्वासी नावाच्या एक विवाहित गृहिणी होत्या. त्यांना लिहून दिलेल्या सूचनांमधूनच 1609 मध्ये त्यांचा भक्तिजीवनावरचा प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. तोवर आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणजे मठातल्या साधूंचा विषय समजला जाई. फ्रान्सिस यांनी ते संसारी माणसांपर्यंत नेलं. सैनिकाची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, विधवेची वेगळी, सून-सासू असलेल्या घरातली आणखी वेगळी. मोठे पराक्रम गाजवण्याची संधी क्वचितच मिळते. सहनशीलता, गोड बोलणं, दुसऱ्याचं दुखणं-खुपणं सोसणं या लहान सद्गुणांची मात्र दिवसातून दहा वेळा मिळते. त्यांचे मित्र बिशप कामू यांनी त्यांचं एक सांगणं नोंदवून ठेवलं आहे: बोलायला माणूस बोलूनच शिकतो, तसं प्रेम करायलाही प्रेम करूनच शिकतो.

ही शिकवण नागपुरात आली ती आन्सीच्याच माणसांबरोबर. 1838 मध्ये फादर पीटर मेरी मर्मिए यांनी आन्सीला याच संताच्या नावाचा मिशनरी संघ काढला, आणि 1845 मध्ये त्यातले पहिले धर्मगुरू जहाजानं भारताकडे निघाले. विशाखापट्टणमपासून मध्य भारतापर्यंतचा पसारा त्यांच्याकडे आला. 1887 मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश झाला, 1953 मध्ये महाधर्मप्रांत.

त्याच 1845 साली दुसऱ्या, म्हणजे प्रॉटेस्टंट बाजूनं स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात पोचले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी काढलेल्या शाळेचं पुढे कॉलेज झालं. 1883 पासून ते त्यांच्याच नावानं चालतं. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, ते लपवायचं कारण नाही. पण मला हिस्लॉप जवळचे वाटतात ते त्यांच्या ऐकून घेण्यामुळे. गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधान गायकांच्या तोंडून त्यांनी गोंडांची लिंगो देवाची गाथा उतरवून घेतली. ज्याला आपण काही सांगायला आलो, त्याचं आधी ऐकावं, एवढं त्यांना कळलं होतं. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना रात्री भरलेल्या नाल्यात ते बुडाले. गोंडांबद्दलची त्यांची टिपणं 1866 मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापली.

मराठी माणसाच्या मनात ही शिकवण खरी रुजली ती एका रेल्वेच्या डब्यातून. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. नागपुरात त्यांनी आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम केलं होतं. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. बोलणं काव्यावरून सुरू झालं आणि देवापर्यंत गेलं. उतरताना त्यानं टिळकांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ताविषयीचा भाग ठेवला, आणि वाचलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगून गेला. टिळकांनी वाचायचं वचन दिलं आणि वाचायला घेतलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी, वैऱ्यांवर प्रीती करा या शब्दांशी, ते थबकले. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. नवऱ्याच्या धर्मांतरानं त्या कोसळल्या. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. जातीचा पीळ त्यांनी स्वतःच्या विचारानं, एकेक गाठ सोडवत काढला. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग त्याच घरात अनाथ मुलं वाढू लागली. वैऱ्यावर प्रीती करण्याचं वाक्य टिळकांना पुस्तकात सापडलं; लक्ष्मीबाईंना ते चुलीपाशी गिरवावं लागलं. दोघांपैकी कुणाचा धडा अवघड, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. म्हणून त्यांची गीतं अभंगाच्या चालीनं चालतात, आणि आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह उघडलं की त्यांचं गीत निघतंच.

एकमेकांवर प्रीती करायला शिकणं चर्चनाही चुकलेलं नाही. उत्तर भारतातल्या प्रॉटेस्टंट पंथांनी एक होण्याची बोलणी 1929 मध्ये सुरू केली. अडचणी खऱ्या होत्या. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की जाणत्या वयातच? बिशप हवेत की नकोत? एका पंथाच्या पाळकानं, म्हणजे धर्मगुरूनं दिलेला प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षरसाचा) विधी दुसऱ्यानं मानायचा का? शेवटी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ठेवल्या. पाळकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली, म्हणजे तुझं पाळकपण अपुरं असं कुणी कुणाला म्हणू नये. बोलण्यांत सामील असलेला मेथॉडिस्ट पंथाचा एक मोठा गट ऐन वेळी बाहेर राहिला. एकेचाळीस वर्षं लागली, आणि तरीही सगळे आले नाहीत.

मला हे सगळं नीट कळलं ते एका पाळकांमुळे. वडिलांच्या घरावरून माझं धाकट्या भावाशी बोलणं बंद होतं. मी तासभर तक्रार मांडली. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी एवढंच विचारलं, “त्याच्या मुलीची दहावी आहे ना? परीक्षा कधी?” मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, “आधी ते माहीत करून घ्या. मग रोज तिच्यासाठी प्रार्थना करा. भावाचं नंतर पाहू.”

त्या रात्री मी भावाला फोन लावला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “एक मार्चपासून. पहिला पेपर मराठीचा.”