एल्फिन्स्टन काका आणि एल्फिन्स्टन पुतण्या

प्रभादेवी स्थानकाला आजही ‘एल्फिन्स्टन’ म्हणणारे पुष्कळ जण भेटतात. २०१८ मध्ये पाटी बदलली, पण तोंडातले नाव राहिले. हा एल्फिन्स्टन कोण असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘तोच, कॉलेजवाला.’ हे उत्तर चुकीचे आहे. कॉलेजचा एल्फिन्स्टन वेगळा, स्टेशनचा वेगळा. दोघेही मुंबईचे गव्हर्नर झाले आणि नात्याने सख्खे काका-पुतणे होते, म्हणून हा गोंधळ.

आधी आडनावाचे बघू. स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गच्या पूर्वेला, ईस्ट लोदियन परगण्यात ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचे गाव आहे. त्या जमिनीवरून घराण्याला नाव मिळाले, जसे आपल्याकडे चिपळूणवरून चिपळूणकर. शेवटचा ‘स्टन’ दगडाचा नव्हे. कुणा माणसाचे नाव, षष्ठीचा ‘स’ आणि पुढे वस्ती या अर्थाचा ‘टून’ हा जुना शब्द, अशी ती फोड आहे. म्हणजे ‘अमक्याची वाडी’. पंधराव्या शतकात मूळ गाव कन्येच्या लग्नातून जॉन्स्टन घराण्याकडे गेले. एल्फिन्स्टनांची दुसरी शाखा स्टर्लिंगच्या बाजूला एअर्थजवळ स्थिरावली आणि तिथल्या जहागिरीलाही हेच नाव मिळाले. तिथले अलेक्झांडर १५१० च्या सुमारास पहिले लॉर्ड एल्फिन्स्टन झाले आणि १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडले. दुसरे लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत मारले गेले. हे रणांगण घराण्याच्या मूळ गावापासून काही मैलांवरच आहे. ॲबर्डीन विद्यापीठाची १४९५ मध्ये स्थापना करणारे बिशप विल्यम एल्फिन्स्टन याच आडनावाचे.

आता काका. माउंटस्टुअर्ट हे त्याचे पहिले नाव. जन्म १७७९, डंबार्टनचा. अकराव्या लॉर्डचा हा चौथा मुलगा, आणि सगळी मेख इथेच आहे. लॉर्ड ही पदवी थोरल्याकडे जाते, धाकट्यांना पोटापाण्यासाठी बाहेर पडावे लागते. त्याचा एक चुलता ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता. त्यामुळे सतराव्या वर्षाच्या आत पोरगा कलकत्त्यात उतरला. पुढे असईची लढाई, नागपूरची रेसिडेन्सी म्हणजे तिथल्या दरबारातली कंपनीची वकिली, पेशावरपर्यंतची वकिलात आणि १८११ पासून पुणे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी संगमावरचा त्याचा रेसिडेन्सीचा बंगला जळाला, पुस्तके आणि कागदपत्रांसकट. पेशवाई बुडवणाऱ्या या माणसाविषयी मराठी मन दुखरे असणे मला पूर्ण समजते. तरीही १८१९ ते १८२७ या गव्हर्नरपदाच्या काळात त्याने शिक्षणाला दिलेले वजन नाकारता येत नाही. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले, त्याच्याच कारकिर्दीतली. तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने दोन लाखांवर रुपये जमवले. त्या निधीतून एल्फिन्स्टनची शिक्षणसंस्था, म्हणजे आपले कॉलेज, उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत होते, आणि दादाभाई नौरोजी तिथेच शिकले व प्राध्यापक झाले.

म्हणून ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असे कुठे छापलेले दिसले की खुशाल खोडा. तो कधीच लॉर्ड नव्हता.

लॉर्ड होता तो पुतण्या, जॉन. माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा, जन्म १८०७. वडील १८१३ मध्ये गेले आणि पाच-सहा वर्षांचे पोर तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन झाले. १८३७ ते १८४२ मद्रासचा गव्हर्नर, मग १८५३ ते १८६० मुंबईचा. १८५७ चा उठाव त्याच्या कारकिर्दीतला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि गव्हर्नर या नात्याने पहिला कुलपतीही तोच झाला. कॉलेज काकाच्या नावाचे, विद्यापीठाचा पहिला कुलपती पुतण्या. यातून गोंधळ आणखी वाढला. फोर्टातले एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, पुतण्याच्या नावाचे. एल्फिन्स्टन रोड स्टेशनही त्याचेच. माथेरानला थंड हवेचे ठिकाण म्हणून आकार आला तोही याच लॉर्डच्या वेळी.

जुना कागद हाती आला तर साल बघा. १८२७ पर्यंतचा गव्हर्नर एल्फिन्स्टन म्हणजे काका. १८५३ नंतरचा, नावाआधी लॉर्ड लावलेला, तो पुतण्या. मधल्या काळात काका इंग्लंडात ग्रंथ लिहीत होता. त्याचा हिंदुस्थानचा इतिहास १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांचे मृत्यूही जवळजवळचे: काका नोव्हेंबर १८५९ मध्ये, पुतण्या जुलै १८६० मध्ये. त्यामुळे तारखा चाळतानाही माणसे चुकतात.

आणि १८४२ च्या काबूलमधल्या माघारीत ज्याचे सैन्य नष्ट झाले तो जनरल एल्फिन्स्टन या दोघांपैकी कुणीच नव्हे. तो विल्यम, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ, कंपनीच्या त्याच संचालकाचा मुलगा. काबूलच्या शहाकडे १८०८ मध्ये वकील म्हणून निघाला तो एक एल्फिन्स्टन, म्हणजे काका, आणि तिथे फौज गमावून १८४२ मध्ये कैदेत मेला तो दुसरा.