जिवाणूंचा संवाद रोखणारे नॅनोकण

जिवाणूंना न मारता त्यांचा आपसातला रासायनिक संवाद तोडण्यासाठी साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण वापरण्याची पद्धत. प्रतिजैविकांना पर्याय किंवा जोड म्हणून तिचा अभ्यास होतो. बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

एकट्यादुकट्या जिवाणूने विष सोडले तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला सहज गाठते. म्हणून अनेक जाती आधी आपली संख्या अजमावतात. प्रत्येक पेशी संदेशरेणू सोडत राहते. गर्दी वाढली की हे रेणू साचतात, आणि ठरावीक पातळी ओलांडताच सगळ्या पेशींतली तीच जनुके एकदम कामाला लागतात. गणपूर्ती झाल्यावरच सभेत ठराव यावा, तसे हे आहे. नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये प्रकाश देणाऱ्या सागरी जिवाणूंत हे दाखवले. ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव १९९४ मध्ये आले. स्यूडोमोनास एरुजिनोसा या रोगकारक जिवाणूची विषद्रव्ये आणि चिवट जैवपटल (पृष्ठभागाला चिकटून राहणारा जिवाणूंचा थर) याच संवादावर चालतात.

नॅनोकण यात कसे शिरतात? सर्वांत देखणे उदाहरण सिलिकाच्या कणांचे. त्यांवर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन बसवतात. हे सात ग्लुकोज घटकांचे कडे असून त्याची पोकळी पाण्याला टाळणारी असते. संदेशरेणूची मेदाम्लासारखी शेपटी नेमकी तिथे अडकते, आणि निरोप पोचतच नाही. काही कणांवर संदेशरेणू तोडणारे लॅक्टोनेज विकर बसवतात. चांदी व झिंक ऑक्साइडचे कणही संवाद मंदावतात, पण इथे सावध राहायला हवे, कारण ते जिवाणू मारतातही. मारक मात्रेच्या खाली मोजमाप केले नसेल, तर संवाद थांबल्याचा दावा मानू नये.

ही पारख क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जिवाणूच्या जांभळ्या थरावर उघड दिसते, कारण त्याचा जांभळा रंग याच संवादातून तयार होतो. कणांच्या थेंबाभोवती वाढ तशीच दाट राहून फक्त रंग उडाला, तर संवाद तुटला. वर्तुळ स्वच्छ पारदर्शक झाले, तर जिवाणू वाढलेच नाहीत.

न मारल्यामुळे प्रतिरोधी जिवाणूंची निवड कमी होईल, अशी आशा आहे. ती पूर्ण खात्रीची नाही: पेशीत शिरणारी संवादरोधक द्रव्ये स्यूडोमोनास आपल्या पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांच्या पंपाने बाहेर फेकू शकतो. पेशीबाहेरच रेणू पकडणाऱ्या कणांपुढे मात्र हा पंप निरुपयोगी ठरतो. दुसरी अडचण अशी, की एआय-२ (ऑटोइंड्यूसर-२, अनेक जातींत वापरला जाणारा संदेशरेणू) सारखा संदेश आतड्यातले उपकारक जिवाणूही वापरतात. तो सरसकट बंद केला तर त्यांनाही झळ लागेल. त्यामुळे पोटात घ्यायच्या औषधापेक्षा कॅथेटरवरचा लेप किंवा जखमेची पट्टी हा मार्ग अधिक जवळचा वाटतो.