रक्तवायू संवेदन

रक्तवायू संवेदन : रक्तातील ऑक्सिजन, कार्बन डाय-ऑक्साइड व (आम्लता ठरवणारे) हायड्रोजन आयन यांच्या प्रमाणातील बदल ओळखून त्यानुसार श्वसन आणि रक्ताभिसरण यांत फेरफार घडवून आणणारी शारीरिक यंत्रणा. हे बदल ज्या पेशींना जाणवतात त्यांना रासायनिक ग्राही म्हणतात. ते दोन ठिकाणी आढळतात : मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत, आणि हृदयाकडून डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्यांलगत. समुद्रसपाटीला राहणाऱ्या निरोगी प्रौढाच्या रोहिणीरक्तात ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातील त्या एकट्या वायूचा दाब) सु. 80 ते 100 मिमी. पारा, कार्बन डाय-ऑक्साइडचा 35 ते 45 मिमी. पारा आणि पीएच मूल्य (आम्लतेचे माप; आम्लता वाढली की ते घटते) 7.35 ते 7.45 असते.

आपण श्वास ऑक्सिजनसाठी घेतो हे खरे. पण एरवी श्वासाचा वेग आणि खोली ठरते ती मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडवरून. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी 1905 मध्ये दाखवून दिले, की फुप्फुसातील वायुकोशांत या वायूचा दाब शरीर जवळजवळ स्थिर राखते, आणि तो एका वातावरणदाबाच्या अवघ्या 0.2 टक्क्यांनी वाढला तरी वायुकोशांतील वायुवीजन (हवेची ये-जा) दुप्पट होते. याची प्रचिती घरबसल्या घेता येते. बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातील हीमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे ते दाखवणारे उपकरण) लावून श्वास रोखला, तर अर्ध्या-पाऊण मिनिटात जीव कासावीस होऊ लागतो, पण उपकरणावरचा आकडा 97-98 च्या आसपासच रेंगाळत असतो. ती तगमग ऑक्सिजन संपल्याची नसते, साठत चाललेल्या कार्बन डाय-ऑक्साइडची असते.

लंबमज्जेतील ग्राही तिच्या पुढील पृष्ठभागाजवळ असतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधील रोधातून हायड्रोजन आयन सहजी पार होत नाहीत. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र बिनदिक्कत पलीकडे जातो, तेथील पाण्याशी संयोग पावून कार्बॉनिक अम्ल बनवतो आणि त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन या ग्राहींना उद्दीपित करतात. म्हणजे हे ग्राही रक्तातील वायूची नोंद घेतात ती आम्लतेच्या रूपाने. कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यावर श्वसनात होणाऱ्या वाढीपैकी बहुतांश वाटा त्यांचा असतो, पण त्यांचा प्रतिसाद काहीसा सावकाश येतो. पीएचओएक्स2बी या जनुकातील जन्मजात दोषामुळे ही संवेदना अधू असलेली मुले जागेपणी बऱ्यापैकी श्वास घेतात, झोप लागली की मात्र त्यांचे श्वसन इतके उथळ होते की कृत्रिम श्वसनयंत्र लावावे लागते.

ऑक्सिजनच्या घटीवर नजर ठेवण्याचे काम प्रामुख्याने ग्रीवापिंडांचे. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर ग्रीवा रोहिणीला जेथे दोन फाटे फुटतात, तेथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा एकेक पिंड असतो. आकाराच्या मानाने त्याला होणारा रक्तपुरवठा थक्क करणारा आहे : मांजरावरील मोजमापांनुसार 100 ग्रॅम ऊतकामागे तो मिनिटाला सु. 2,000 मिलि. भरतो, तर मेंदूचा जेमतेम 50-55 मिलि. इतके रक्त वाहत असल्याने, रक्तद्रवात नुसता विरघळलेला (हीमोग्लोबिनला न जोडलेला) ऑक्सिजनही पिंडाची गरज भागवू शकतो, आणि म्हणून तो ऑक्सिजनचा दाब ओळखतो, एकूण साठा नव्हे. रक्तक्षय झालेल्या किंवा कोळशाच्या शेगडीच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या व्यक्तीत ऊती ऑक्सिजनविना उपाशी असतात, पण विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब ठीक असल्याने हा पहारेकरी गप्प राहतो. बंद खोलीतील शेगडी झोपेतच जीव घेते, त्याचे एक कारण हेच.

ऑक्सिजनचा दाब घटला की पिंडातील पेशींच्या आवरणातील पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी रासायनिक संदेशक सोडतात. तो संदेश नवव्या मस्तिष्क तंत्रिकेवाटे (मेंदूला थेट जोडलेल्या मज्जातंतूवाटे) लंबमज्जेत पोहोचतो. महारोहिणीच्या कमानीजवळील तशाच पिंडांचा संदेश दहाव्या तंत्रिकेवाटे जातो. रोहिणीरक्तातील ऑक्सिजनचा दाब 60 मिमी. पाऱ्याच्या खाली उतरेपर्यंत हा प्रतिसाद मंदच असतो, त्यानंतर तो झपाट्याने चढतो. स्पेनचे ऊतकशास्त्रज्ञ फर्नांडो दे कास्त्रो यांनी 1920 च्या दशकात या पिंडाची रचना तपासून तो रक्ताची ‘चव’ घेत असावा असे सुचवले. बेल्जियममधील गेंट येथील कॉर्नेल हेमान्स यांनी प्रयोगांनी ते सिद्ध केले आणि त्यांना 1938 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दे कास्त्रो यांच्या वाट्याला तो मान आला नाही, याची रुखरुख शरीरक्रियाविज्ञानाच्या इतिहासात अजून व्यक्त होते.

रक्ताभिसरणावरही या ग्राहींची पकड असते. ऑक्सिजन घटला की ते अनुकंपी तंत्रिकांमार्फत (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंमार्फत) स्नायू, आतडी व मूत्रपिंडे यांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात व रक्तदाब चढतो. हृदयाची गती त्यांच्या थेट परिणामाने मंदावते, पण श्वास जोरात चालू असेल तर ती उलट वाढते. याखेरीज वाहिन्या स्वतःही वायूंना प्रतिसाद देतात. कार्बन डाय-ऑक्साइडने मेंदूच्या वाहिन्या रुंदावतात, आणि ऑक्सिजन घटल्यास इतर अवयवांच्या वाहिन्या रुंदावत असताना फुप्फुसाच्या मात्र आक्रसतात. त्यामुळे हवा न पोहोचलेल्या भागाकडील रक्त हवेशीर भागाकडे वळते.

या यंत्रणेची उणीव विहिरीत पोहणाऱ्यांना भोवू शकते. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डाय-ऑक्साइड तेवढा घटतो. मग श्वास घेण्याची निकड जाणवण्यापूर्वीच ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली जातो आणि पट्टीचा पोहणाराही पाण्याखाली बेशुद्ध पडतो.